दवंडी, पत्ता आणि वाट : स्मार्ट घरात प्रिंटर हरवतो तेव्हा

वाय-फायवर चालणारे दिवे, प्लग, कॅमेरे आणि बोलणारे स्पीकर घरात आले की थोड्याच दिवसांत प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसू लागतो, किंवा मोबाइलच्या यादीत दिसतो पण कागद काढत नाही, ही तक्रार आता इतकी सर्रास ऐकू येते की स्मार्ट उपकरणांची ॲप आणि प्रिंटर यांच्यात मुळातच वैर असावे असा समज रूढ होऊ पाहत आहे. प्रत्यक्षात या दोघांची थेट गाठ क्वचितच पडते. दोघेही राउटरभोवती विणलेल्या एकाच स्थानिक जाळ्यावर, म्हणजे लोकल नेटवर्कवर, विसंबून असतात आणि त्या जाळ्यात कोणी केलेला एखादा लहानसा बदल एकाच्या पथ्यावर पडतो, तर दुसऱ्याच्या मुळावर येतो. म्हणून बिघाड शोधताना ॲप किंवा प्रिंटर यांना दोष देण्याआधी तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात : प्रिंटरचे नाव जाळ्यात ऐकू येते का, त्या नावामागचा पत्ता खरा आहे का, आणि त्या पत्त्यापर्यंत जाणारी वाट मोकळी आहे का. या तिन्हींची गल्लत झाली की दुरुस्ती म्हणजे अंधारात दगड मारणे ठरते. आणि बहुतेक घरांत होते ते नेमके हेच, कारण पहिला उपाय म्हणून सगळे काही ‘रीसेट’ केले जाते आणि दोष कुठे होता याचा मागही त्यासोबत पुसला जातो.

यातील नावाची गोष्ट जुनी आहे, आणि तिचा उगम प्रिंटरपाशीच आहे. १९८५ मध्ये ॲपल कंपनीने लेझररायटर हा लेझर प्रिंटर बाजारात आणला तेव्हा तो महाग असल्याने अनेक संगणकांनी मिळून वापरावा अशी योजना होती, आणि त्यासाठीच्या ॲपलटॉक या जाळ्यात प्रिंटर स्वतःचे नाव स्वतःच जाहीर करीत असे. वापरणाऱ्याने ‘चूझर’ नावाच्या खिडकीत ते नाव निवडले की काम भागत असे. पुढे जगभर इंटरनेटची आयपी ही संदेशवहनाची पद्धत रुजली, पण तिच्यात ही सोय नव्हती. तेथे प्रत्येक यंत्राचा अंकी पत्ता कोणीतरी लिहून ठेवावा लागे. ही हरवलेली सोय आयपीत परत आणण्यासाठी इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत १९९९ पासून काम सुरू झाले. त्यात पुढाकार घेणारे स्टुअर्ट चेशायर यांच्या रचनेवर आधारलेली व्यवस्था ॲपलने २००२ मध्ये ‘राँदेव्हू’ या नावाने आणली, २००५ मध्ये तिचे नाव ‘बाँजूर’ झाले, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत तिला आरएफसी ६७६२ आणि ६७६३ या दोन दस्तऐवजांतून मानकाचे रूप मिळाले. त्यांच्याच बरोबरीने प्रसिद्ध झालेल्या ६७६० क्रमांकाच्या दस्तऐवजाचा विषयच मुळी ॲपलटॉकमधील नाव शोधण्याच्या पद्धतीला पर्याय देताना काय काय साधले पाहिजे हा आहे. आज ॲपलचे होमकिट, गुगलची कास्ट व्यवस्था आणि २०२२ मध्ये आलेले मॅटर हे स्मार्ट उपकरणांचे सामाईक मानक, ही सगळी आपापली उपकरणे याच पद्धतीने शोधतात. प्रिंटरसारख्यांसाठी बांधलेल्या धर्मशाळेत दिवे आणि स्पीकर मागाहून उतरले, एवढे लक्षात ठेवले तर गर्दीची तक्रार कोणी कोणाविरुद्ध करायची हा प्रश्न जरा वेगळा दिसतो.

या पद्धतीला मल्टिकास्ट डीएनएस म्हणतात आणि तिचे काम पूर्वी गावात पिटल्या जाणाऱ्या दवंडीसारखे चालते. मोबाइलला प्रिंटर हवा असला की तो २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या दारावर, ‘येथे छपाई करणारे कोणी आहे का’ अशी हाक देतो. जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला ती ऐकू जाते आणि ज्याला लागू असेल ते उपकरण आपले नाव सांगते. ही नावे ‘डॉट लोकल’ या शेपटाने संपतात. दवंडी गावाच्या वेशीबाहेर जात नाही, तशी ही हाकही राउटर ओलांडून दुसऱ्या जाळ्यात जात नाही. तो दोष नाही, मानकानेच तसे बंधन घातले आहे. वाय-फायवर मात्र या हाकेची आणखी एक दुबळी बाजू उघडी पडते. एका उपकरणाने दुसऱ्याला पाठवलेल्या संदेशाची पोच मिळते आणि न मिळाल्यास संदेश पुन्हा पाठवला जातो, पण सगळ्यांना उद्देशून केलेल्या हाकेला हवेत पोच नसते आणि राउटर ती सहसा सगळ्यांत मंद गतीने पाठवतो. पंचवीस-तीस उपकरणे सतत बोलत असलेल्या जाळ्यात अशी एखादी हाक हवेतच विरली तरी कोणाला कळत नाही, आणि प्रिंटर ‘सापडला नाही’ असा निकाल लागतो. काही राउटरांत मल्टिकास्टची वर्दळ आवरण्यासाठी ‘आयजीएमपी स्नूपिंग’ नावाची सोय असते. ती नीट बनवलेली नसेल तर ही दवंडीही गाळली जाते, म्हणून संशय आल्यास ती सोय तात्पुरती बंद करून पाहणे योग्य ठरते.

प्रिंटर यादीत दिसतो पण छापत नाही, या कोड्याचे उत्तरही याच मानकात आहे. प्रत्येक उपकरण आपली माहिती सांगताना ती किती काळ खरी मानावी तेही सांगते. ‘या नावाचा प्रिंटर येथे आहे’ या नोंदीसाठी मानकाने सुचवलेली मुदत ७५ मिनिटांची आहे, तर त्या प्रिंटरचा प्रत्यक्ष पत्ता सांगणाऱ्या नोंदीची मुदत १२० सेकंदांची आहे. बटण दाबून बंद होणाऱ्या उपकरणाने जाताना ‘मी निघालो’ असा निरोप द्यावा, म्हणजे यादीतून त्याचे नाव लगेच जाईल, अशीही तरतूद आहे. पण ज्याची वीजच एकदम तोडली जाते त्याला निरोप देता येत नाही. मग दोन मिनिटांत त्याचा पत्ता नाहीसा होतो आणि नाव मात्र तासाभराहून अधिक काळ यादीत भुतासारखे रेंगाळते. मोबाइलवर प्रिंटरचे नाव निवडल्यावर नुसते चक्र फिरत राहिले, तर ते ॲपचे अपयश समजण्याआधी प्रिंटर खरोखर चालू आहे का हे उठून पाहावे.

नावापेक्षा पत्त्याचे दुखणे अधिक चिवट असते. घरातल्या जाळ्यात पत्ते वाटण्याचे काम राउटर करतो आणि त्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. पत्ता कायमचा दिला जात नाही, भाड्याच्या खोलीसारखा ठरावीक मुदतीने दिला जातो आणि मुदत संपत आली की उपकरण तो वाढवून घेते. प्रिंटर बराच काळ बंद राहिला तर ही मुदत उलटून जाते आणि पुन्हा चालू झाल्यावर त्याला दुसराच पत्ता मिळू शकतो. संगणकाला मात्र प्रिंटर जुन्याच पत्त्यावर आहे असे वाटत राहते, विशेषतः विंडोजमध्ये प्रिंटर बसवताना ‘टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून अंकी पत्ता टाकलेला असेल तेव्हा. ही अडचण टाळण्यासाठी पुष्कळ वेळा प्रिंटर बसवणारा तंत्रज्ञ प्रिंटरच्याच मेनूमध्ये जाऊन एक पक्का पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५, हाताने भरून ठेवतो, पण राउटरला ते सांगत नाही. घरात चार-पाच उपकरणे असतात तोवर हे खपून जाते. पुढे राउटर वाटप करता करता त्या पत्त्यापर्यंत पोहोचतो. पत्ता देण्यापूर्वी तो कोणी वापरत नाही ना, हे काही राउटर विचारतातही, परंतु त्या क्षणी प्रिंटर बंद असला तर उत्तर येत नाही आणि नवा दिवा त्या पत्त्यावर राहायला येतो. संध्याकाळी प्रिंटर चालू केला की एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडे होतात. संगणक त्या पत्त्यामागचे यंत्र कोणते हे विचारतो तेव्हा ज्याचे उत्तर शेवटी पोहोचेल त्याच्याकडे कागदपत्रे जातात, म्हणून सातबाऱ्याचा उतारा एकदा सुरळीत छापला जातो आणि दुसऱ्यांदा दिव्याकडे जाऊन अदृश्य होतो.

अशा कधी चालणाऱ्या, कधी न चालणाऱ्या बिघाडाची परीक्षा सोपी आहे आणि तिला कोणतेही विकतचे साधन लागत नाही. जवळजवळ प्रत्येक नेटवर्क प्रिंटर स्वतःच्या बटणांवरून जाळ्याच्या मांडणीचा एक कागद छापून देतो. त्यावर आयपी पत्ता, वाय-फायचे नाव आणि बारा अक्षर-अंकांचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यात मिळालेला यंत्राचा कायमचा क्रमांक, हे सगळे असते. त्यावरचा आयपी पत्ता टिपून घ्यावा, मग प्रिंटरची वीज बंद करून संगणकावरून त्या पत्त्याला ‘पिंग’ या आज्ञेने हाक द्यावी. प्रिंटर बंद असतानाही उत्तर आले, तर त्या पत्त्यावर दुसरे कोणी तरी बसलेले आहे याची खात्री पटते. कागदावरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर अर्थ वेगळा : राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, म्हणून प्रिंटरने स्वतःपुरता तात्पुरता पत्ता घेतला. दोन्ही प्रसंगांत उपाय एकच आणि तो राउटरच्या पानावर करायचा असतो. प्रिंटरमध्ये पत्ता आपोआप घेण्याची सोय चालू करावी आणि राउटरच्या डीएचसीपी विभागात प्रिंटरचा मॅक पत्ता नोंदवून त्याच्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा. पत्ता पक्का राहतो, आणि तो कोणाचा आहे हे वाटप करणाऱ्यालाही ठाऊक असते.

भारनियमनाच्या किंवा नुसत्याच वीज जाण्या-येण्याच्या भागांत हे राखीव पत्ते जास्तच उपयोगी पडतात. अनेक साध्या राउटरांत दिलेल्या पत्त्यांची यादी वीज जाताच पुसली जाते. वीज परत येते तेव्हा प्लग आणि दिवे काही सेकंदांत जागे होऊन पत्ते मागतात, तर प्रिंटर मात्र शाई तपासणे, कागद ओढण्याचे रूळ फिरवणे यांत मिनिटभर काढतो. त्याचा जुना पत्ता तोवर दुसऱ्याला गेलेला असू शकतो. काही घरांत राउटर इन्व्हर्टरवर असतो आणि प्रिंटर नसतो. तेथे यादी शाबूत राहते, आणि हीच घरे ‘आमच्याकडे असे कधी होत नाही’ म्हणतात.

‘स्मार्ट बल्ब बसवला आणि त्याच दिवसापासून प्रिंटर गेला’ या तक्रारीत मात्र पत्त्याचा संबंध सहसा नसतो. स्वस्त प्लग आणि दिवे यांतील वाय-फायची चिप बहुधा केवळ २.४ गिगाहर्ट्झ या लहरींवर चालते, तर आधुनिक राउटर एकाच नावाने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरी पुरवतो. बल्ब जोडताना अडचण आली की ॲपची सूचना, किंवा यूट्यूबवरचा सल्ला, दोन्ही लहरींना वेगवेगळी नावे द्या, ५ गिगाहर्ट्झ तात्पुरते बंद करा, नाहीतर सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-३ वरून डब्ल्यूपीए-२ वर आणा असे सांगते. बल्ब जोडला जातो. पण घरातला जुना प्रिंटर, जो बहुधा स्वतःही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो, तो जुने नाव आणि जुनी सुरक्षा शोधत बसतो. त्याच्या लहानशा पडद्यावर, किंवा पडदा नसेल तर नुसत्या लुकलुकत्या निळ्या दिव्यातून, त्याची ही घालमेल कोणाला समजत नाही. म्हणून नावे वेगळी करायचीच असतील तर मूळ नाव आणि मूळ पासवर्ड २.४ गिगाहर्ट्झकडे ठेवावा आणि नवे नाव ५ गिगाहर्ट्झला द्यावे. नवा राउटर घेताना जुन्याचेच नाव आणि पासवर्ड त्याला दिला तर दिवे, प्लग, प्रिंटर यांपैकी बहुतेकांना काही बदलले हे कळतही नाही. बल्ब जोडताना मोबाइल काही मिनिटे बल्बच्या स्वतःच्या वाय-फायवर जातो, आणि कधी तेथेच अडकून राहतो. प्रिंटरचे ‘वाय-फाय डायरेक्ट’ हे स्वतंत्र जाळे, ज्याचे नाव ‘डायरेक्ट’ या शब्दाने सुरू होते, त्यावर मोबाइल गेला तर उलट घडते, म्हणजे प्रिंटर मिळतो आणि घरातले दिवे गायब होतात.

आता वाटेचा प्रश्न. २०१६ मध्ये ‘मिराई’ या दुष्ट प्रणालीने कारखान्यातले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन त्यांच्या मदतीने मोठे हल्ले केले, आणि त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला संकेतस्थळांना डीएनएस सेवा पुरवणाऱ्या डाइन या कंपनीवरच्या हल्ल्यामुळे अमेरिकेत अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास कोलमडली. तेव्हापासून स्मार्ट उपकरणे राउटरच्या ‘गेस्ट’ जाळ्यावर वेगळी ठेवावीत असा सल्ला दिला जातो. सल्ला योग्य आहे. परंतु गेस्ट जाळे मुख्य जाळ्यापासून तोडलेले असते, आणि बहुधा त्यातील उपकरणांना एकमेकांशीही बोलू देत नाही. मोबाइल त्या जाळ्यावर राहिला तर मुख्य जाळ्यावरचा प्रिंटर त्याला ना ऐकू येतो, ना गाठता येतो. प्रिंटर कोणत्या बाजूला ठेवायचा, यावर मतभेद आहेत, कारण प्रिंटर हेही क्वचितच अद्ययावत होणारे यंत्र आहे. तरी साध्या घरापुरते बोलायचे तर तो संगणक आणि मोबाइल यांच्याबरोबर मुख्य जाळ्यावरच ठेवणे शहाणपणाचे. दोन जाळ्यांमध्ये दवंडी पोहोचवणारा ‘रिफ्लेक्टर’ काही राउटरांत असतो खरा, पण चुकीच्या मांडणीत प्रिंटरला स्वतःचीच हाक परत ऐकू येते, आपले नाव कोणी दुसऱ्याने घेतले असे त्याला वाटते आणि तो नावापुढे कंसात २, मग ३ असे आकडे लावत सुटतो. यादीत एकाच प्रिंटरची अशी पिल्ले दिसू लागली की दोष कुठे शोधायचा हे ठरलेच.

शहरांतल्या फायबर जोडणीने वाटेचा आणखी एक गुंता आणला आहे. कंपनीने भिंतीवर बसवलेल्या पेटीत, जिला ओएनटी म्हणतात, स्वतःचा राउटर आणि वाय-फाय असतेच. आतल्या खोलीत रेंज मिळत नाही म्हणून दुकानातून आणखी एक राउटर आणून त्याला जोडला जातो, आणि एका छपराखाली दोन गावे वसतात, एकाचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे, तर दुसऱ्याचे १९२.१६८.० ने. दिवाणखान्यातले दिवे एका गावात, अभ्यासाच्या खोलीतला प्रिंटर दुसऱ्यात. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ या पद्धतीत ठेवले, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम त्याच्याकडून काढून घेतले, की दोन्ही गावे एक होतात. पुण्यासारख्या शहरात घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत याहून वेगळी वाट अडते : कार्यालयाच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या जाळ्याकडे नेणारे बंद भुयार, चालू असताना सगळीच वाहतूक त्यातून जात असेल तर हाताच्या अंतरावरचा प्रिंटरही त्या लॅपटॉपला सापडत नाही.

मोबाइलची परवानगी ही वाटेवरची शेवटची चौकी. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून, आणि मॅकवर २०२४ च्या सेक्वोयापासून, स्थानिक जाळ्यातील उपकरणे शोधण्यासाठी प्रत्येक ॲपला वेगळी परवानगी लागते. प्रणालीची स्वतःची एअरप्रिंट छपाई त्या अटीतून मोकळी असते, त्यामुळे फोटोंच्या ॲपमधून छपाई होते पण प्रिंटर कंपनीच्या ॲपला प्रिंटर सापडत नाही असे दिसले, तर बहुधा त्या ॲपची परवानगी नाकारलेली असते.

ॲप स्वतः प्रिंटरला खरोखर त्रास देते असे प्रसंगही आहेत, आणि ते जास्त मनोरंजक आहेत. घरातली सगळी उपकरणे हुडकून काढणारी काही ॲप प्रत्येक पत्त्याची एकेक दारे वाजवून पाहतात. प्रिंटरचे ९१०० क्रमांकाचे दार मात्र भोळे असते : त्यातून जे काही आत येईल ते छापायचे, एवढेच त्याला माहीत. तपासणाऱ्या प्रणालीने तेथे संकेतस्थळाला विचारतात तसा प्रश्न टाकला, की ‘गेट’ आणि ‘एचटीटीपी’ असे शब्द असलेली एकच ओळ वरच्या कोपऱ्यात छापलेला, बाकी कोरा कागद मध्यरात्री बाहेर पडतो आणि घरातल्यांना प्रिंटर ‘हॅक’ झाल्याचा साक्षात्कार होतो. जाळी तपासण्याची ‘एनमॅप’ ही विख्यात प्रणाली याच कारणाने ९१०० ते ९१०७ ही दारे आपल्या सखोल तपासणीतून मुळातच वगळते. अनेक प्रिंटर या दारावर एका वेळी एकच पाहुणा घेतात, म्हणून एखाद्या ॲपने ते धरून ठेवले तर संगणकाला प्रिंटर ‘व्यग्र’ दिसतो. शाईची पातळी दाखवणाऱ्या डॅशबोर्डांची चौकशी ६३१ क्रमांकाच्या आयपीपी दारावरून किंवा एसएनएमपी या पद्धतीने होते आणि सहसा निरुपद्रवी असते, परंतु दर मिनिटाला विचारल्याने काही प्रिंटरांची झोप मोडते. तेथे चौकशीचे अंतर वाढवणे पुरते. विंडोजही पोर्टच्या मांडणीत ‘एसएनएमपी स्थिती’ हा पर्याय चालू असताना अशीच चौकशी करते आणि उत्तर न मिळाल्यास धडधाकट प्रिंटरला ‘ऑफलाइन’ ठरवते. ती खूण काढली की कित्येकदा अडून बसलेले सगळे कागद एकापाठोपाठ बाहेर येतात.

प्रिंटर स्मार्ट प्लगवर लावू नये, हे मात्र निःशंकपणे सांगता येते. ‘घराबाहेर पडताना सगळे बंद’ या आज्ञेत तो प्लग सामील झाला की छपाई मध्येच तुटते, नावाचे भूत यादीत मागे राहते, आणि इंकजेट प्रिंटर असेल तर शाई फेकणारे डोके आपल्या रबरी झाकणाखाली न जाता उघडेच वाळते. पुढच्या वेळी ते साफ करण्यात छपाईपेक्षा जास्त शाई खर्ची पडते. लेझर प्रिंटरमध्ये शाईची पूड कागदावर वितळवणारा तापक सुरू होताना क्षणभर मोठा वीजप्रवाह ओढतो, आणि हलका प्लग त्यासाठी बनवलेला नसतो. तो प्रिंटर भिंतीवरच्या साध्या सॉकेटला लावून, त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा.